सर्व्हरची नवमी

नागपूरहून रात्रभर गाडीत अवघडून दीक्षा दौंड स्टेशनवर उतरली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर अजून दीक्षाभूमीवरची गर्दी होती आणि फोनवर सुरजसाहेबांचे मिस्ड कॉल. घरी पिशवी टाकायलाही सवड मिळाली नाही. ती तशीच कासुर्डीच्या डेअरीत हजर झाली.

डेअरीचा सगळा कारभार एका मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर चाले आणि तो सांभाळायचं काम दीक्षाकडे होतं. आज तो सुरूच होत नव्हता. पावती निघेना, म्हणून दुधाचे टँकर फाटकापासून रस्त्यापर्यंत खोळंबले होते.

"दोन दिवस पूजेला बंद ठेवला आन् आज बोलंनाच झालाय," सुरजसाहेब म्हणाले. हे मालकांचे पुतणे, नुकताच कारभार हाती घेतलेले. "पुण्याचा माणूस फोनवर म्हणतो, डिस्क गेली. मला एवढंच सांग, कुणी हात लावलाय? ज्यानं लावला त्याला आजच घरी बसवतो. मग तो कितीबी जुना असंल."

जुना म्हणताना त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात रखमाजीआप्पा उभे होते. खांद्यावर पूजेचं फडकं अजून तसंच.

डेअरीत एक वजनकाटा आणि चार किटल्या होत्या, तेव्हापासून आप्पा इथे होते. खंडेनवमी त्यांची. आजोबांच्या काळी त्यांच्या घरी लोकर कातरायची कातर पूजेला मांडत. आप्पा इथे काटा, बॉयलर, कॉम्प्रेसर आणि अलीकडे सर्व्हरही मांडत. पूजेला मांडलेलं यंत्र दसरा उलटल्याशिवाय चालू करायचं नाही, हा त्यांचा नेम. तोवर पावत्या हाताने, आणि यंदा पावतीपुस्तकं दसऱ्यालाच संपली होती. सुरजसाहेबांना हे सगळं खेळखंडोबा वाटे. पण नारळ खुद्द चुलते फोडायचे, त्यामुळे तोंड दाबून बसावं लागे.

दर वर्षी नागपूरला निघण्याआधी दीक्षा सर्व्हरच्या खोलीला कुलूप घालून किल्ली ऑफिसात देई, म्हणजे आप्पांनी दाराबाहेरूनच हळदकुंकू वाहावं. यंदा गाडी गाठायच्या घाईत ती विसरली. हे आठवलं तशी ती थेट सर्व्हरच्या खोलीत गेली.

तिने सर्व्हर चालू केला आणि मध्येच अडवून कार्डाचं सेटिंग उघडलं. सगळ्या डिस्क या कार्डाला जोडलेल्या असतात, आणि सुरुवात कोणत्या खणातल्या डिस्कपासून करायची हे त्यात ठरवून ठेवावं लागतं. दीक्षानं पहिला, म्हणजे सगळ्यात वरचा खण ठरवून दिला होता. आता पाहते तो पहिल्या खणात जुनी डिस्क. जुन्या कॉम्प्युटरमधली, वर्षानुवर्षांचा दुधाचा हिशेब पोटात असलेली. पण सर्व्हर सुरू करण्याजोगं तिच्यात काही नव्हतं. कॉपी करून घ्यायची म्हणून दीक्षानंच ती सगळ्यात खाली ठेवली होती.

तिने सर्व्हरचं पुढचं झाकण जरासं किलकिलं केलं. वरच्या खणातल्या डिस्कवर कुंकवाचा भलाथोरला टिळा आणि झेंडूची पाकळी. खाली नव्या डिस्कला हळदीचं कसंबसं एक बोट.

आप्पांनी खण ओढून एकेक डिस्क पुसली होती आणि परत ठेवताना मानाने ठेवली होती. थोरली वर, धाकटी खाली. दीक्षाला हसू फुटत होतं, पण आप्पांच्या चेहऱ्याकडे बघून तिने ते आवरलं.

डिस्क जागच्या जागी करणं चुटकीसरशीचं काम होतं. पण साहेबांसमोर खण ओढला की टिळा बाहेर येणार, आणि टिळा कोणाचा हे डेअरीतल्या मांजरालाही कळलं असतं. तिने झाकण लावलं. कार्डाच्या सेटिंगमध्ये पहिला खण काढून खालचा लावला, सेव्ह केलं आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. पंखे घुमले. जरा वेळाने ऑफिसातला प्रिंटर खडखडू लागला.

"काय झालं होतं?"

"सेटिंग, साहेब. कार्डाला मीच एका खणाची सवय लावली होती. आन् खोलीला कुलूप घालायचं मीच विसरले."

यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्याचं दीक्षाला फार बरं वाटत होतं.

"मग काय तुला घरी बसवू?"

"तिला न्हाई." आप्पा आत आले. "खण म्या वढले. थोरलीला खाली बसवायचं बरं दिसंना, म्हून वर ठिवली. पोरीकडं काय न्हाई ह्यातलं."

साहेबांनी स्वतः झाकण उघडलं. टिळ्याकडे बघत राहिले. "ही तर अजून वरच हाय. मग चालू कसा झाला?"

"तिचा मान वरच ठेवलाय," दीक्षा म्हणाली. "कामाचं खालचीला विचार, असं कार्डाला सांगितलंय."

साहेबांनी झाकण लावलं. त्यांच्या केबिनमध्येही मोठी खुर्ची चुलत्यांची होती. चुलते कधीमधी येऊन तीत बसत आणि सगळं काम शेजारच्या साध्या खुर्चीतून चाले. हे त्यांना आठवलं असावं, कारण ते नको नको म्हणताना हसले.

"घरी कुणी बसायचं न्हाई. पण पुढच्या वर्षापासनं ह्याची पूजा दीक्षासमोर."

"नवमीला मी गाडीत असते, साहेब."

आप्पांनी फडकं झटकलं, या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकलं. आयुष्यात त्यांनी नवमी कधी हलवली नव्हती.

"बाकीच्या मशिनी नवमीला," ते म्हणाले. "सर्व्हरची नवमी एकादशीला. ही नागपूरवरनं आली म्हंजी."

दीक्षाला भरून आलं. तिने पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला. आप्पांनी पहिला तुकडा उचलून सवयीने सर्व्हरच्या झाकणाकडे नेला, दीक्षाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने आपल्याच तोंडात टाकला.