तान्ह्या पोळ्यातली मोटार

मैथिलीने गुडघे टेकले, गाल फरशीला लावला आणि लाकडी बैलाच्या पोटाखाली डोकावून पाहिलं. मग मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे येऊन तोंड न्याहाळलं. रस्त्यात उभी असलेली कुठलीही कार ती अशीच तपासते. चार वर्षांची पोरगी, पण दिव्यांच्या ठेवणीवरून गाडीचं नाव तर सांगतेच, वर ती नवी की जुनी तेही सांगते. सगळी अमरावती तिला चाकांवरच दिसते, त्याला कोण काय करणार!

"याले हेडलाइट नाई," असं म्हणून ती उठली.

तिच्या आईचे, म्हणजे रागिणीचे, वडील पुंजाराम सकाळच्या एसटीने चांदूर रेल्वेहून तो बैल मांडीवर घेऊन आले होते. नातीचा पहिला तान्हा पोळा. आदल्या दिवशी शेतातले खरे बैल मिरवतात, दुसऱ्या दिवशी पोरांचे चाकांवरचे लाकडी. म्हणून सागाचा तुकडा उन्हाळाभर तासून त्यांनी तो स्वतः घडवला होता. बैल घे म्हणून रागिणीने पोरीला दटावलं, पेढ्याचं आमिष दाखवलं. मैथिली दोरी बांधलेली लाल मोटार छातीशी धरून बसली ती बसलीच. पुंजारामांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण एवढ्याशा पोरीवर रुसायचं तरी कसं?

"राहू दे व रागिणी. मीच नेतो याले," ते म्हणाले.

तर कॉलनीतल्या देवळापुढे पोराटोरांची ओळ लागली, तेव्हा मधोमध धोतर नेसलेला सत्तरीचा गडी बैल ओढत उभा, आणि शेजारी नात मोटार ओढत. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुंजारामही हसले, पण त्यांची नजर सारखी आपापल्या बैलांना गोंजारणाऱ्या पोरांकडे जात होती. मैथिलीचं भलतंच चाललं होतं. ओळीतल्या प्रत्येक बैलापुढे पालथी पडून ती चाकं बघत होती. नवा फ्रॉक मातीत. रागिणीने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात पावसाची सर आली. मंडळाचे चंद्रभान भारी उत्साही. बैल भिजू नयेत म्हणून त्यांनी सगळे भराभर उचलून देवळाच्या ओसरीत रचले, आणि ओल्या झालेल्या कागदी झुलीही काढून टाकल्या. सर ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय करून बसलो ते. बहुतेक बैल इतवारा बाजारातले, एकाच हातचे. पांढरं अंग, लाल शिंगं. आता कोणाचा कोणता, बोंबला! पोरांनी भोकाड पसरलं, आया एकमेकींच्या हातातून बैल ओढू लागल्या.

मैथिली ओसरीवर चढली. वाकून एकेक बैल बघत तो ज्याचा त्याच्या हातात देऊ लागली. याचं मागचं चाक तिरपं, हा त्या टोपीवाल्याचा. याचं नाक बसकं, हा त्या दोन वेण्यावालीचा. एका आईने वाद घातला, तेव्हा मैथिलीने बैल उलटा करून पोटाखालचा वाकडा खिळा दाखवला, आणि तिचंच पोरगं म्हणालं की हो, हाच माझा. चंद्रभान हात जोडून उभे राहिले. रडारड थांबली.

शेवटी ओसरीत पुंजारामांचा बैल तेवढा उरला. त्याला ओळखायला काय लागतं, अख्ख्या ओळीत तसा दुसरा नव्हताच. ते उचलायला वाकले, मग त्यांनी हात मागे घेतला.

"अन् हा कोनाचा व?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मैथिली त्याच्यासमोर उकिडवी बसली. या वेळी तिला बराच वेळ लागला. रागिणी काहीतरी सुचवायला पुढे झाली, तर पुंजारामांनी तिचा हात दाबला.

"माहा," मैथिली म्हणाली.

तिने दोरी हाताला गुंडाळली. पोरं घरोघरी बैलाचा बोजारा, म्हणजे खाऊ, मागायला निघाली होती. त्यांच्यामागे ती धावली आणि फाटकापाशी थांबून वळली.

"आबाजी, माही गाडी तुमी आना. हळू ओढजा."

पुंजारामांनी डोळे पुसले, धोतराचा सोगा खोचला आणि लाल मोटार ओढत तेही बोजारा मागायला निघाले.