प्रस्तुत संशोधकाची आई

मुलाची एक खोड थोरल्या बाईंना पहिल्यापासून खटकत होती. सुताराने फडताळ करून दिलं, तर पाहुण्यांसमोर हा "करून घेतलं" म्हणायच्या जागी "केलं" म्हणायचा. बायकोने भिंतींचा रंग निवडला, तर "मी निवडला." एकदा तर शेजारच्या डॉक्टरांनी सांगितलेला विनोद त्याने डॉक्टरांनाच ऐकवला आणि वर ते हसायची वाट बघत बसला.

"अरे, ज्याचं त्याला देत जा," बाई म्हणायच्या.

"आई, तू फार बारीक बघतेस," तो म्हणायचा, आणि घर हसायचं. आपणही हसतोच. असा एकजण आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो, आणि फडताळापायी कुणी पोलिसात जात नाही.

मुलगा कॉलेजात प्राध्यापक. बाई स्वतः अक्षरं लावून वाचण्यापुरत्या शिकलेल्या, पण घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मुलाचा लेख एका मोठ्या संशोधन पत्रिकेत छापून आला, त्यानंतर महिन्याभराने एका रविवारी त्याने दोघा सहकाऱ्यांना जेवायला बोलावलं. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. या लेखावर ती आपल्याला मिळणार, असं तो चपला काढता काढताच त्यांना सांगून मोकळा झाला.

लेख होता शिलाई कारखान्यात शर्टांना काजं-बटणं करणाऱ्या बायकांवर.

"तुला रे त्यांचं काय ठाऊक?" बाईंनी वाढता वाढता विचारलं. "तुझं बटण तुटलं की तू शर्ट बदलतोस."

सहकारी हसले. सुनेने कौतुकाने अंक उघडला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. दोन परिच्छेद सुरेख गेले. मग ती वाचू लागली, "'प्रस्तुत संशोधक लहानपणी आईशेजारी बसून काज करायला शिकली.'" ती अडखळली. "शिकली?"

"छापताना चुकलंय," मुलगा म्हणाला. "ठेव आता. जेवण गार होतंय."

पण सून ओघात होती. "'प्रस्तुत संशोधकाची आई याच कारखान्यातल्या धुळीने फुफ्फुसं निकामी होऊन वारली.'"

ताटांवरचे हात थांबले. बाई पळी धरून उभ्या होत्या.

"मेलेल्या बाईच्या हातचं चालेल ना सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

एका सहकाऱ्याला ठसका लागला. मुलगा घाईघाईने म्हणाला, "आई, संशोधनाची भाषा असते ती. प्रस्तुत संशोधक म्हणजे मीच, असं नसतं काही."

"मग कोण?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि पीतच राहिला. चारचौघांत शोभा नको, म्हणून बाईंनी विषय सोडला. मनातून मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी दारात आली. छातीशी कागदांची फाइल, डोळे सुजलेले. "सर आहेत? मी त्यांची विद्यार्थिनी. सही हवी होती."

"यायचा आहे तो. आत ये. कसली सही?"

मुलगी खुर्चीच्या कडेवर टेकली. मग बोलायला लागली ती थांबेना. तिने शोधनिबंध लिहिला होता, काजं-बटणं करणाऱ्या बायकांवर. सर तिचे मार्गदर्शक, म्हणून वाचायला त्यांच्याकडे दिला. ते "बघतो, बघतो" म्हणत राहिले आणि मध्येच त्यांचा लेख छापून आला. तिने निबंध कॉलेजात दिला, तेव्हा नक्कल तपासणाऱ्या संगणकाने तो पहिल्या पानापासून लाल करून दाखवला.

"समिती म्हणाली, सरांचा लेख तू चोरलास. वर्ष रद्द होणार होतं, आजी. सर म्हणाले, मी वाचवतो. प्रत्येक वाक्यापुढे कंसात माझं नाव घाल, म्हणजे माझ्याकडून घेतलं असं कबूल केल्यासारखं होईल. तसं घालून आणलंय. त्यावर सरांची सही हवी."

बाईंनी पान हातात घेतलं. एकेक अक्षर लावत त्या बोट सरकवत गेल्या. प्रस्तुत संशोधिकेची आई याच कारखान्यातल्या धुळीने फुफ्फुसं निकामी होऊन वारली. आणि पुढे कंसात, त्यांनीच हौसेने ठेवलेलं मुलाचं नाव.

"तुझी आई गेली, हे तुला माझ्या मुलाने सांगितलं?"

मुलीने मान खाली घातली. "नाही. मी उशाशी होते."

"सही मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "पण तू उठू नकोस."

मुलगा आला, मुलीला पाहून थबकला आणि तिच्यावरच चिडला. "घरी कशाला आलीस? कॉलेजात सांगायचं होतं."

"तिला नको बोलू. माझ्याशी बोल," बाई म्हणाल्या. "संशोधिकेचा संशोधक केलास. एका ठिकाणी 'शिकली'चं 'शिकला' करायचं तेवढं राहिलं. इतका आळस? निदान चोरी तरी मन लावून करायची."

"चोरी काय, आई! विषय मी सुचवला. वाक्यं मी सरळ केली. सगळीकडे असंच चालतं. माझ्या सरांनी माझंही घेतलं होतं."

"तेव्हा तुला बरं वाटलं होतं?"

तो खिशातलं पेन चाचपू लागला.

"तीन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं तुला. मला वाटलं ताप आलाय. म्हणजे दुखतं कुठे, ते तुला चांगलं माहीत होतं."

"ठीक आहे. पुढच्या अंकात तळटीप देतो. तिचे आभार मानतो."

"तिच्याच घरात तिला पाहुणी म्हणून बसवतोस होय?" बाईंनी अंक त्याच्यापुढे सरकवला. "वाच ते वाक्य. मोठ्याने. माझ्या तोंडाकडे बघून."

त्याने अंक उघडला. "प्रस्तुत संशोधकाची आई..." तिथेच अडला. पुन्हा सुरू केलं. 'वारली' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"मी सांगते, सर," मुलगी हळूच म्हणाली. समोर कागद नव्हता. "माझी आई त्याच कारखान्यातल्या धुळीने गेली. शेवटी बोलता येत नव्हतं, तरी बोटं काज करत होती. ते मी लिहिलं नाही. वाटलं, निबंधात बसणार नाही."

मुलगा खाली बसला. अंक मिटून म्हणाला, "लेख मागे घेतो. समितीला लिहून देतो, की निबंध तिचा आहे आणि उचलला मी."

"आणि प्रमुखपद?" आतल्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुनेने विचारलं.

"जाईल."

वाचकहो, संदर्भ देणं म्हणजे शेवटच्या पानावरची सजावट नव्हे. कुणीतरी पाहिलं, सोसलं, विचार केला, मग ते वाक्य झालं. ते घ्यायला कुणाची ना नाही. विद्या अशीच पुढे जाते. पण घेताना ते कुणाचं, हे त्याच जागी, स्पष्ट लिहायचं. विद्यार्थ्याने लिहायचं, गुरूने तर आधी लिहायचं. नाव गाळलं, की घेणं संपतं आणि हिसकावणं सुरू होतं.

मुलगा कागद-पेन घेऊन आईकडे बघत होता. पाठीवर हात पडेल, अशी त्याला आशा असावी. बाईंनी हात पदराआडच ठेवला.

"लिही. या पोरीसमोर लिही, आणि तिला बरोबर घेऊन समितीच्या हातात दे. खुर्ची जाते त्याचं मला दुःख नाही. तू तिच्याकडूनच तिच्या आईवर तुझं नाव घालून घेत होतास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिचं नाव तिच्या कामावर छापून येईल, तेव्हा बघू. तोवर कुणी विचारलं, तुमचा मुलगा काय करतो, तर मी सांगणार, नक्कल करतो."