अर्लीनचं हसू

ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात रबराचा वास एवढा, की तिथली पोरं पडली तर म्हणे उसळी मारूनच उठायची. त्या गावात, टायरच्या कारखान्यात राबणाऱ्या ड्वेन हॅकेटची बायको अर्लीन हसायला लागली, की शेजारपाजारची आजारी माणसं अंथरूण सोडून खिडकीत यायची. ड्वेन दिवसभर टायर ओढायचा तो संध्याकाळी एखादा फुसका विनोद टाकून ते हसू ऐकायला. त्याची खरी मिळकत तीच.

एकदा दुकानात अर्लीनचा धक्का लागून सुपाच्या डब्यांचा मनोरा कोसळला. ती तिथेच फतकल मारून हसत सुटली. गल्ल्यावरचा मालक हसला, गडगडत गेलेले डबेही हसले म्हणतात. टेलिव्हिजनवाला केसलर तेवढा हसला नाही. तो कान देऊन उभा होता.

"मिसेस हॅकेट, आमच्या पाककृतींच्या कार्यक्रमात याल? भाजायचं आणि हसायचं, बस्स."

अर्लीनने घरी विचारलं, तेव्हा ड्वेनच म्हणाला, "जा की! माझ्या एकट्यापुढे हसून वाया घालवतेस."

ती गेली. केक फुगला की हसायचं, बसला की जास्त हसायचं. इकडे ड्वेन दुकानातून आणलेलं, पत्र्याच्या ताटातलं गोठवलेलं जेवण चिवडत पडद्यावरची बायको बघायचा. कारखान्यातले सोबती चिडवायचे, "काय रे हॅकेट, तुझी बायको अख्ख्या ओहायोला खाऊ घालते, मग तूच का वाळलास?"

अर्लीन थकून घरी यायची. ड्वेन विनोद टाकायचा. ती म्हणायची, "उद्या हं. आजचं संपलं."

मग केसलरने तिला, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत उभी केली आणि दिवसभर हसवली. खुदकन हस, खळखळून हस, पोट धरून हस. सगळं फितीवर उतरवून घेतलं आणि हातात फुलं दिली. "आता तुम्ही कशाला दगदग करता, बाई? फिती आहेत की. कुठल्याही विनोदी कार्यक्रमात मागून वाजवू."

ड्वेनला आनंद झाला. त्याने ठेवणीतला किस्सा काढला, बर्निस आत्याची भाजलेली टर्की कोंबडी पाद्रीबाबांच्या मांडीत पडली तो. आत्याच्या दफनाच्या वेळीसुद्धा अर्लीन त्यावर हसली होती. तिने तोंड उघडलं. खांदे हलले. आवाज आला नाही.

आवाज आला तो बाहेरच्या खोलीतून. टेलिव्हिजनवर कोणीतरी टोपीवर बसला होता आणि अर्लीन पोट धरून हसत होती.

डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. ड्वेन केसलरकडे गेला. "तिचं हसू परत द्या."

"अहो, ते आता देशभर वाटलं गेलं," केसलर म्हणाला. "दुधातलं पाणी कोणी वेगळं काढून देतं का?"

घरी येऊन ड्वेनने टायर काढायची पहार घेतली आणि टेलिव्हिजन फोडला. काचा पडल्या. सगळं शांत झालं. मग शेजारच्या मेबेलबाईंच्या घरातून ते हसू आलं. त्याच्या पुढच्या घरातून आलं. पार गिरजाघराच्या कोपऱ्यापर्यंत, घराघरातून एकदमच आलं.

अर्लीन बशी पुसता पुसता थांबली. खिडकीशी जाऊन तिने कान दिला.

"ड्वेन, कोण रे ही बाई?" ती म्हणाली. "किती सुखात आहे!"