मी गंगारामशेठच्या रक्तवाहिनीचं अस्तर

मी अस्तर बोलतंय. कोटाचं नव्हे, गंगारामशेठच्या रक्तवाहिन्यांचं. कांदा सोलताना दोन पाकळ्यांमध्ये पारदर्शक पापुद्रा निघतो ना, त्याहून मी पातळ. काम एकच, रक्ताला कुठे अडू द्यायचं नाही.

शेठ जन्मले जुन्नरकडे. मीही तेव्हाचंच. पुढे मुंबईत मशीद बंदरात ते कांद्याच्या गोण्या मोजायचे तेव्हा मी काचेसारखं गुळगुळीत होतं. मग कांद्याचा बाजार वाशीला आला, शेठना स्वतःचा गाळा मिळाला आणि बिड्या वाढल्या. दर झुरक्याला मी खरवडलं जायचं. गोणीत हात घालून तळचा नासका कांदा काढणारा हा माणूस. माझा त्यांना कधी पत्ताच लागला नाही.

आज सकाळी हृदयाजवळ मला चीर गेली. भेदरून मी मदत मागितली. रक्तातले कण चीर बुजवायला धावले आणि वाटच बुजवू लागले.

शेठ तेव्हा पोपटशी सौदा करत होते. पोपट पनवेलचा, जुनं गिऱ्हाईक. आमच्याकडे भाव तोंडाने ठरत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. शेठनी तेच केलं. कळ थेट जबड्यापर्यंत गेली, तरी भुवई हलली नाही.

“शेठ, हात बर्फ झालाय तुमचा. मला घाबरवायचा नवा डाव काय?”

“गॅस आहे रे. तू भाव बोल.”

“दाबली की दोन बोटं. तुमी काय दाबताय तेच कळंना.”

शेठ काहीच दाबत नव्हते. बोटांत जोरच उरला नव्हता. पोपटचं हसू गेलं. त्याने रुमाल ओढून काढला. भर बाजारात, सौदा अर्धवट असताना, असं कुणी करत नाही.

“रुमाल टाक,” शेठ पुटपुटले. “लोक बघतायत.”

“बघू देत. किसन, गोण्या उतरव. हातगाडी इकडे घे.”

आता हमाल किसन गाडी ओढतोय, पोपट मागून ढकलतोय. दवाखाना अजून एक सेक्टर लांब आहे.

“घरी ने,” शेठ म्हणतायत, “सोडा पिऊन पडतो.”

“भाव तुमचाच कबूल, शेठ. आता गप पडा.”

सुईच्या नेढ्याएवढी वाट उरलीय. तेवढ्यातून मी रक्त सोडतंय. चीर माझीच, गुठळीही मीच बोलावलेली. डॉक्टर विचारतील, कुठे दुखतंय. शेठ, छातीवर हात ठेवा आणि खरं सांगा. पुन्हा गॅस म्हणालात तर एवढी वाटही मला एकट्याला धरवणार नाही.