बुडाला काही लागलं नव्हतं

माझा एक कान तुटलेला पाहून हसू नका, मित्रांनो. मी एक जुनी, जाड बुडाची बिडाची कढई आहे. भट्टीतल्या तापल्या रसातून मी ओतली गेले. दुकानात मला उचलून पाहताना एक नवी नवरी म्हणाली होती, "चांगली जड आहे. हिच्यात भाजी लागायची नाही."

ती नवरी म्हणजेच या गोष्टीतली आजी. तिचा शब्द मी जन्मभर राखला. तिच्या लेकीचं लग्न झालं, तेव्हा आजीनं मला लेकीच्या संसारात धाडलं आणि एकटी पडल्यावर स्वतःही मागोमाग आली. जावई थट्टा करायचा, "आधी कढई आली, मग कढईची मालकीण!"

पुढे आजीचं एक अंग लुळं पडलं. जीभ जड झाली. स्वयंपाकघराच्या दाराशी तिची खाट आली. दोनच शब्द उरले, 'नको' आणि 'लागतंय'. भूक लागो, थंडी लागो, उशी मानेला लागो, सगळ्याला तेवढंच. काय ते लेक ओळखून घ्यायची.

लेकीचा मुलगा ढब्बू, चार वर्षांचा. खालच्या माळीकाकांनी त्याला अंगठ्याएवढ्या चपट्या बिया दिल्या. "बाकला आहे, घेवड्यासारख्या शेंगा येतात. माती दे, पाणी दे आणि धीर धर." ढब्बूनं बिया फुटक्या बादलीत खोचल्या. धीर मात्र त्याला ठाऊक नव्हता.

"आई, शेंगा कधी लागणार?"

"झाडाला विचार."

"ते बोलतच नाही!"

"मग आजीसारखंच आहे. वाट बघ, कळेल."

काळ्या ठिपक्यांची पांढरी फुलं आली, आणि एका सकाळी घर दणाणलं. "लागल्या! शेंगा लागल्या!" जाडजूड शेंगा, आतून कापसासारख्या मऊ. लेकीनं दाणे सोलले, माझ्यात तेल तापवून लसणावर परतले. वास उठला, तशी खाटेवरून हाक आली.

"लागतंय!"

"नाही गं आई, पाण्याचा हबका मारलाय."

"नको! ला... लागतंय!"

लेकीनं उलथनं माझ्या बुडापर्यंत फिरवलं. "बघ, कुठे काय लागलंय? आता परतायलाही तुझ्याकडून शिकू का?"

आजीनं डाव्या हातानं पाण्याचं भांडं भिरकावलं. ते भिंतीवर आदळलं.

"आई, आता हद्द झाली हं!"

मित्रांनो, माझं बूड मला ठाऊक होतं. त्याला काही लागलं नव्हतं. आणि ते कधीच लागत नाही, हे आजीइतकं कुणाला माहीत होतं? मग ती दुसरंच काही सांगत होती. पण मला दोन कान होते, जीभ नव्हती.

ढब्बूनं वाटी चाटूनपुसून खाल्ली. "माझ्या बादलीतले आहेत," असं प्रत्येक घासाला सांगत.

दुसऱ्या दिवशी तो मलूल पडला. खेळून दमला असेल, घरचे म्हणाले. मग डोळे हळदीसारखे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी. बापानं त्याला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. रक्त चढवलं. उशीर झाला होता. ढब्बू घरी आला नाही.

लेक आली, ती आजीच्या खाटेशी बसली. "आई, डॉक्टर विचारत होते. काही मुलांचं रक्तच मोडतं म्हणे या शेंगांनी. आईकडून मुलाकडे येतं. तुझ्या माहेरी कुणाला लागल्या होत्या का शेंगा?"

लागल्या होत्या का. स्वतःचाच शब्द कानावर पडला आणि लेक थांबली.

आजीनं डावा हात जमिनीपासून थोडा वर धरला. एवढासा.

"तुझा भाऊ? लहानपणी गेला तो?"

आजीनं डोळे मिटले. तो कशानं गेला, हे बोलती होती तेव्हाही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

लेकीनं मला उचलून फरशीवर आपटलं. माझा कान तेव्हा तुटला.

आता मी फळीवर पालथी असते. माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. मी जाड बुडाची आहे. पण मित्रांनो, ज्याच्यापाशी दोनच शब्द उरलेत, त्याला 'नाही' म्हणण्याआधी 'काय?' असं विचारा.

लेक आता विचारते. हातातलं काम टाकून खाटेशी बसते. "आई, काही लागतंय का?"

आजी भिंतीकडे तोंड करते. तो शब्द तिनं पुन्हा उच्चारलेला नाही.