खोलीत दुसरं कोणी नसावं

चर्र... गुडघ्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो सुटलं, पुन्हा घट्ट बसलं, आणि वळून न बघताच संचिताला कळलं – बाबा जिन्यात जाऊन बसायच्या तयारीला लागले. ऑनलाइन मुलाखतीला दहा मिनिटं होती. सॉफ्टवेअर कंपनीची अट अशी, की मुलाखत चालू असताना खोलीत दुसरं कोणी नसावं. कोपर स्टेशनजवळच्या त्यांच्या घराला खोलीच एक. म्हणून पहिल्या फेरीला बाबा चटई घेऊन पायरीवर बसले, दुसऱ्या फेरीलाही, दीड-दीड तास, सुजलेले पाय पुढे करून, येणाऱ्याजाणाऱ्याला 'हळू, पोरीची परीक्षा आहे' असं बजावत. शेजारच्या ठमाबाई म्हणाल्याही होत्या – पोरगी खुर्चीवर नि बाप पायरीवर, झकास कंपनी आहे.

आज शेवटची फेरी. दोन वर्षं अर्ज करून ती इथवर पहिल्यांदाच पोचलेली.

"इथेच बसा बाबा," ती म्हणाली.

"अगं, नियम आहे त्यांचा."

नियम... वागळे इस्टेटमधल्या बाबांच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर ती डबा घेऊन उभी असायची, आठ वर्षांची, उन्हात. वॉचमनसुद्धा म्हणायचा, येऊ दे की आत, लेकरू आहे. पण बाबाच लेथ मशीन सोडून बाहेर येत, डबा घेत आणि तिला तिथूनच परत पाठवत – नियम आहे म्हणून. मी काय चोरणार होते तिथलं? लोखंडाचा कीस? आणि कारखाना बंद पडला तेव्हा नियम पाळणारे नि मोडणारे, सगळे एकाच नोटिशीत घरी आले...

पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या नीरजा मॅडम आल्या. लॅपटॉप फिरवून खोली दाखव, म्हणाल्या. तिने दाखवली – ओटा, कपाट, देव्हारा आणि खाटेवरून अर्धवट उठलेले बाबा.

"त्यांना थोडा वेळ बाहेर बसवता येईल?"

"नाही मॅडम. एवढीच खोली आहे आमची. ते त्यांच्या घरात बसलेत. तुम्ही विचारा."

मॅडम घुटमळल्या. वरिष्ठांशी बोलून येते म्हणाल्या, आणि त्यांची चौकट काळी झाली.

"घालवलीस ना?" मागून बाबांचा दबका आवाज.

घालवली असेल... असेलही. पण छातीत जी धडधड व्हायला हवी होती ती होत नव्हती. उलट चार दिवस अडलेला एक प्रोग्रॅम डोक्यात आपोआप उलगडत चालला होता – विचारा, काहीही विचारा. तिने पाठ खुर्चीला टेकवली. मागच्या दोन्ही फेऱ्यांत आपण असं टेकून बसलोच नव्हतो, हे तिला आत्ता कळत होतं...