थंडीत मला जास्त भूक लागते

मित्रांनो, मोठ्या माणसाच्या मुठीत मावेन एवढाच मी. एका लाल क्वाडचा जुना कार्ब्युरेटर. क्वाड म्हणजे चार जाडजूड चाकांची उघडी गाडी. बसायचं मोटारसायकलसारखं आणि दगडधोंड्यांतून उड्या मारत जायचं. लोक चाकांचं कौतुक करतात. मी आत, हवेच्या डब्यामागे चिकटून बसलेला. माझी आठवण होते ती गाडी बंद पडल्यावरच. चालायचंच.

माझं काम म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल कालवणं. माझ्या पोटात पितळेचा एक इवलासा तुकडा आहे, त्याला जेट म्हणतात. त्याला सुई जाईल एवढं भोक. भरधाव जाताना इंजिनाचं बरंचसं जेवण त्याच भोकातून जातं.

मी वितळलेल्या ॲल्युमिनियममधून जन्मलो. साच्यातून निघालो तेव्हा कडा नुसत्या टोचत होत्या. एका बाईंनी मला कानशीनं घासलं, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं आणि म्हणाल्या, "झालास बघ तयार." ते कौतुक मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

पहिली वर्षं समुद्रकाठी गेली. उबदार हवा, सपाट वाळू, हौशी माणसांना फिरवून आणायचं. मग मालकांनी नवी गाडी घेतली आणि आम्ही दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलो. माझ्यातलं पेट्रोल सुकून डिंकासारखं झालं. कुणी झाकण उघडून विचारलंही नाही. अखेर आम्हाला डोंगरपायथ्याच्या दवाखान्यानं नेलं, साफ करून घेतलं, आणि मी सिस्टरच्या हाती आलो.

सिस्टर म्हणजे तिथल्या नर्स. एक दिवसाआड त्या पिशवी बांधून वरच्या वस्तीत जात. तिथे एक सुतारकाका होते. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. साखरेच्या आजारामुळे ती भरत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, मलमपट्टी चुकली तर अंगठा जाईल. काका खाली उतरू शकत नव्हते. म्हणजे सगळी भिस्त आमच्यावर.

आणि थंडी पडली. गवत सकाळी पांढरं दिसू लागलं. चढावर इंजिन अडखळू लागलं. सिस्टरच्या दिरांचं टायरचं दुकान होतं, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची समजूत.

"वहिनी, थंडीत हिला पेट्रोल जास्त लागतं," ते म्हणाले. "स्क्रू जरा उघडतो. दोन मिनिटांचं काम."

पहिलं वाक्य अगदी बरोबर होतं. थंड हवा दाट असते. तेवढ्याच श्वासात ती जास्त येते, मग पेट्रोलही जास्त हवं. पण त्यांनी माझ्या कुशीतला जो स्क्रू उघडला, तो हवेचा होता. गाडी आणखी खोकू लागली. दुसऱ्या सकाळी त्यांनी तो आणखी उघडला. मला ओरडता येत असतं तर अख्खा डोंगर जागा केला असता.

मित्रांनो, आमचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याचं वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. त्या दिवशी अर्ध्या चढावर पिस्टन तापून फुगला आणि जागीच आवळला. सिस्टर पिशवी पाठीला लावून पायी निघाल्या. पोहोचल्या तेव्हा दुपार उलटली होती. पट्टी सोडली तर जखमेची कड काळसर झालेली.

इंजिन थंड झाल्यावर पिस्टन सुटला. नशीब, ओरखड्यांवरच भागलं. गाडी ढकलत सिस्टरच्या घराच्या अंगणात आणली. सासरे बाहेर आले. त्यांनी आयुष्यभर बोटींची इंजिनं सांभाळली होती. आता हात थरथरत, म्हणून कुणी काही विचारत नसे.

"सूनबाई, प्लग काढ."

सिस्टरनी स्पार्क प्लग काढला. खडूसारखा पांढराफटक.

"पेशंटची जीभ बघतेस ना? ही इंजिनाची जीभ. तांबूस तपकिरी म्हणजे पोट भरलंय. काळी, ओली म्हणजे अजीर्ण. पांढरी म्हणजे उपासमार." मग मुलाकडे वळले. "किती उघडलास रे?"

"एक फेरा. तुम्हीच म्हणता ना, थंडीत जास्त द्यावं?"

"जास्त काय, वारा? उपाशी माणसाला पंख्यानं वारा घालत बसलास! तुझ्या मोटारसायकलचा स्क्रू पेट्रोल सोडतो. हा हवेच्या डब्याकडे आहे, हा हवा सोडतो."

"स्क्रूवर लिहायला काय होतं यांना!" दीर पुटपुटले.

"तुझ्या कपाळावर कुठे लिहिलंय? तरी आम्हाला कळतंच की."

सासरे सांगत गेले, सिस्टर करत गेल्या. मला सोडवून धुतलं, हवेचा स्क्रू पूर्वी होता तिथे आणला, लहान-मोठ्या भोकांचे नवे जेट मागवले. मग त्या थबकल्या. "बाबा, नवं औषध आम्ही थोड्यापासून सुरू करतो."

"इथे उलटं. जास्त झालं तर धूर होईल, कमी पडलं तर जीव जाईल. मोठ्या भोकाच्या जेटपासून सुरू कर."

सिस्टरनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेशंटचा लिहितात तसा माझा तक्ता आखला. अंगणातलं तापमान, जेटचा आकडा, प्लगचा रंग. एका वेळी एकच बदल, मग चढावर एक फेरी.

"आता ताप पण बघा हिचा," दीर म्हणाले, पण पाना त्यांनीच पुढे केला. पहिल्या फेरीला प्लग काळा. एक नंबर लहान जेट, अजून काळपट. आणखी एक लहान, आणि प्लग आला तांबूस तपकिरी. सिस्टरनी तो सासऱ्यांच्या थरथरत्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून फिरवून पाहिला. "पोट भरलं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर पुऱ्या हिवाळ्यात मलमपट्टीचा एक दिवस चुकला नाही. काळी कड हळूहळू मागे हटली, खालून गुलाबी कातडी आली. एका सकाळी आम्ही वर पोहोचलो, तर सुतारकाका फाटकापर्यंत चालत आलेले. दोन्ही पायांत बूट.

"अंगठा आत आहे ना?" सिस्टरनी विचारलं.

"दहाच्या दहा बोटं हजर," काका म्हणाले. "मोजून घ्या, मग चहा."

मित्रांनो, ऊन तापू लागलं की माझी भूक कमी होईल, तेव्हा लहान जेट परत बसवावा लागेल. माझं मागणं एवढंच: जे तुमच्यासाठी रोज राबतं, त्याला ऋतू बदलला की एकदा विचारा, पोटभर मिळतंय ना? आणि उत्तर ऐकायच्या आधी स्क्रू फिरवू नका.